रेडिएटर मोठा करायच्या आधी पाणी बदला



आज पिकाचं काही नाही, आज इंजिनाचं. पण शेवटपर्यंत वाचा, कारण ज्याच्याकडे जुनी जीप आहे, जुना ट्रॅक्टर आहे, डिझेल पंप आहे, त्या प्रत्येकाच्या खिशाचा हा विषय आहे.

गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. "काका, जुनी जीप गरम होते. ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर टाकू का?" एक जासईचा, एक पेणचा, एक पार मंचरचा. तिघांनाही मी उलट विचारलं, "आत पाणी कुठलं टाकतोस?" तिघांचं उत्तर एकच, "बोअरचं. दुसरं कुठलं टाकणार?"

म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं म्हणणं सरळ आहे. जुनी गाडी गरम होते ती रेडिएटर लहान आहे म्हणून नाही, तर आपण तिला वीस-तीस वर्षं सांभाळलं नाही म्हणून. आणि मोठा रेडिएटर विकणारे आपल्याला आपल्याच हलगर्जीपणावर पांघरूण विकतात. हे मी दुसऱ्याचं ऐकून बोलत नाही. बेचाळीस हजार रुपये मोजून शिकलोय.

आमची जीप एमएम ५४०, १९८९ ची. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. वडिलांनी जमिनीच्या पैशातून सेकंड हँड घेतलेली. उलव्याची शेती सिडकोत गेली, आमची उलवे नदीसुद्धा विमानतळासाठी वळवली, डोंगर कापून सपाट केला. जमिनीच्या पैशातलं आज घरात दिसेल असं उरलंय ते घर आणि ही जीप. आम्ही आता पेणच्या बाजूला मक्त्याने भात करतो, भातानंतर वाल टाकतो, आणि बियाणं, खत, माणसं सगळं या जीपमधूनच जातं. म्हणून ही आमच्यासाठी शोभेची जुनी गाडी नाही.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात काटा वर चढायला लागला. पुतण्या म्हणाला, गाडी जुनी झाली, कूलिंग अपग्रेड करू. एका गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका गॅरेजचा नाही, असे पन्नास आहेत. त्यांनी तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर काढला, ॲल्युमिनियमचा रुंद टाकला, पुढे दोन इलेक्ट्रिक पंखे लावले, थर्मोस्टॅट काढून टाकला. नवा रेडिएटर रुंद असल्याने पंख्याभोवतीचा पत्र्याचा काऊल बसेना, म्हणून तोही काढला. बिल चोवीस हजार. जुना रेडिएटर मागितला तर म्हणाले, "ठेवून काय करणार?" आणि ठेवून घेतला. आत भरलं काय? गॅरेजच्या बोअरचं पाणी, नळीने.

दिवाळी ते होळी गाडी झकास चालली. पुतण्या सगळीकडे सांगत फिरला की बघा फरक. आता मला सांगा, थंडीत कुठली गाडी गरम होते?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाताचं बियाणं आणि खताच्या गोण्या भरून पेणला निघालो. पळस्प्यापासून कंटेनरच्या मागे रांगत रांगत गेलो आणि कर्नाळ्याच्या खिंडीत काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेतली. पुतण्याने घाईत फडकं धरून झाकण फिरवलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. चेहरा वाचला, मनगट आणि कोपर भाजलं. हेड गॅसकेट गेलं होतं. हेड काढणं, फेसिंग, गॅसकेट, तेल, मजुरी मिळून अठरा हजार. आठ दिवस गाडी उभी. रोहिणीतली राबाची पेर मृगावर गेली. आणि पुतण्याच्या हातावर डाग आहे तो आहेच.

मग पनवेलच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने रेडिएटरकडे बघितलंसुद्धा नाही. ब्लॉकच्या बाजूची डमी काढायला लावली. आत पाणी भरलेलं, तरी धार आली नाही. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर तपकिरी चिखल गळायला लागला, आणि मागच्या सिलिंडरभोवती चुन्याचा पांढरा थर. मिस्त्री म्हणाला, "आजार पोटात, आणि तुम्ही टोपी बदलून आलात."

आता हे का होतं ते समजून घ्या.

इंजिनात डिझेल जळतं तेव्हा ढोबळमानाने त्यातली एक तृतीयांश शक्ती चाकांना मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जाते, आणि उरलेल्यातला बहुतेक भाग पाण्यातून बाहेर काढावा लागतो. ही उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून पाण्यात, पाण्यातून पंपाने रेडिएटरमध्ये, रेडिएटरच्या जाळीतून हवेत अशी जाते. म्हणजे ही साखळी आहे. आपल्याकडे खारबांधावर उघाडी असते ना, तसं समजा. उघाडीचं झापड अडकलं असेल तर आत शेतात कितीही रुंद चर खणा, पाणी बाहेर जाणार नाही. ब्लॉकच्या आत चुन्याचा थर असला की उष्णता पाण्यात उतरतच नाही. लोखंडाच्या मानाने चुना उष्णता कितीतरी कमी वाहून नेतो. मग पुढे रेडिएटर दुप्पट असला तरी त्याच्यापर्यंत येणार काय?

गंमत अशी की अशा वेळी काटासुद्धा खोटं बोलू शकतो. काटा पाण्याची गरमी दाखवतो, मागच्या सिलिंडरच्या भिंतीची नाही. म्हणून "काटा मधेच होता आणि हेड गेलं" असं सांगणारे भेटतात.

हा चुना येतो कुठून? हे तर शेतकऱ्याला सांगायलाच नको. खारवट पाणी शेताला देत राहिलो आणि निचरा नसला तर काय होतं? पाणी उडून जातं, क्षार जमिनीत राहतात, दरवर्षी वाढत जातात. इंजिनातही तेच. रेडिएटरमधलं पाणी वाफ होऊन कमी होतं, आपण वरून परत बोअरचं ओततो, परत वाफ, परत ओततो. पाणी जातं, क्षार आतच. वीस वर्षं असं केलं की इंजिनाची जमीन चोपण झालीच म्हणून समजा.

आमच्या खाडीकाठाला तर पाण्यात चुन्याबरोबर मीठही असतं, आणि मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचून टोचून बारीक भोकं पाडतो. म्हणजे ज्या भागात ॲल्युमिनियमचा रेडिएटर सगळ्यात जोरात विकला जातो, त्याच भागात नळीचं पाणी घालून तो सगळ्यात लवकर मरतो. इथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं सोसणारी भाताची वाणं काढली, पनवेल १, पनवेल २, पनवेल ३. खारं सोसणारं इंजिन अजून कुणी काढलेलं नाही.

आता माझ्याशी भांडणाऱ्यांचे मुद्दे घेतो. हे सगळे मला तोंडावर सांगून झालेत.

पहिला मुद्दा, "जुन्या गाड्यांचा रेडिएटर मुळातच कमी पडतो." मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बघितल्यात ना? ११०० सीसीच्या आतलं इंजिन, तांब्या-पितळेचा साधा रेडिएटर, मेच्या उन्हात दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. गरम झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही, बोनेट उघडून उभ्या असलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण पोटापाण्यासाठी चालवणारे त्या तेवढ्याच रेडिएटरवर वर्षानुवर्षं धंदा करून गेले. जीपचंही तेच. महिंद्राने या देशात कित्येक दशकं जीप जुळवली. गाडी नवी होती तेव्हा मे महिना नव्हता का? घाट नव्हता का? नवी असताना जी गाडी बोरघाट चढत होती ती आज कर्नाळ्याच्या खिंडीत उकळते, तर रेडिएटर आखडलेला नाही, बाकी काहीतरी बिघडलंय. ते शोधा.

दुसरा मुद्दा, "थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते." हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात महागडं ज्ञान. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेलं की मेण फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. डिझेल इंजिन थंड चाललं तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, तेल खराब होतं, लायनर-रिंग झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढून टाकला तर काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच उलटं इंजिनात जातं. म्हणजे थंडीत गाडी नको तेवढी थंड आणि घाटात नको तेवढी गरम. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा टाका. गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का ते घरीच बघता येतं.

तिसरा मुद्दा, "नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमच येतो, मग आपण का नाही?" बरोबर आहे. ॲल्युमिनियम हलका, त्याच्या नळ्या रुंद करता येतात, काम चांगलं करतो. मी ॲल्युमिनियमच्या विरोधात नाही. पण नव्या गाडीत कंपनीचं कूलंट असतं, बंद टाकी असते, बोअरची नळी तिथे कोणी लावत नाही. आणि तांबं उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा जास्त चांगली वाहून नेतं, हेही दुकानदाराला सांगा. तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला तर पनवेलला, पेणला, कुठेही झाळून मिळतो. ॲल्युमिनियमचा गळला तर नीट वेल्डिंग करणारा शोधत फिरावं लागतं.

चौथा मुद्दा, "दोन इलेक्ट्रिक पंखे लावले की काम फत्ते." एका पंख्याला दहा-पंधरा अँपिअर लागतात. दोन पंखे, हेडलाइट आणि वायपर असं सगळं पावसाळ्यात एकदम चालू केलं की जुना अल्टरनेटर दम टाकतो. डायनॅमोवाल्या गाडीचं तर विचारूच नका. इंजिनाचा मूळ पंखा आणि त्याचा काऊल जागेवर असेल तर तेवढं पुरतं. काऊल हा नुसता पत्रा नाही. तो नसला की पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची तीच गरम हवा घुसळत बसतो. उभ्या गाडीला आणि चिखलात रांगणाऱ्या गाडीला तर हवा पंख्याचीच, दुसरी कुठली नाही. आज उलव्यात, जासईत, गव्हाण फाट्यावर रहदारीत आपण किती वेळ रांगतो ते तुम्हीच मोजा.

पाचवा मुद्दा, "आमचे वडील नदीचं पाणी टाकायचे, काही झालं नाही." झालं, पण त्यांना दिसलं नाही, आपल्याला दिसतंय. त्यांनी घातलेला थर आपल्या पदरात आला. आणि त्यांचं ओढ्याचं पाणी आपल्या बोअरपेक्षा पुष्कळ मऊ होतं.

मग करायचं काय? क्रमाने करा. स्वस्तातलं आधी, महागाचं शेवटी.

इंजिन पूर्ण थंड असताना झाकण तपासा. रबर कडक झालंय का, स्प्रिंग दाबली जाते का. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने सात पाउंड दाब धरला तर ते ११० अंशांच्या आसपास उकळतं. चौदा पाउंड धरला तर ११८ च्या पुढे. झाकण सैल असेल तर हा सगळा फायदा गेला. काही शे रुपयांची वस्तू आहे. पण गाडीला जेवढ्या दाबाचं आहे तेवढ्याचंच घ्या, जास्त दाबाचं टाकून पाइप फोडू नका.

पंख्याचा पट्टा बघा. सैल, चकाकलेला असेल तर बदला. खालचा होज पाइप बघा. त्याच्या आत बऱ्याच गाड्यांत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली असेल तर इंजिन रेस केल्यावर पाइप आत चिकटतो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही.

जाळी धुवा. आपल्या गाड्यांच्या जाळीत पेंढा, तूस, चिखल, किडे असतात. इंजिनाच्या बाजूने पुढे असं धुवा, हलक्या धारेने. जोराचा प्रेशर मारलात तर पाती वाकतात.

मग ब्लॉक. डमी काढून आतला चिखल काढा, दोन्ही बाजूंनी पाणी मारा. लिंबूसत्त्वाने किंवा बाजारातल्या फ्लशने चुना सुटतो, पण ते काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या आणि नंतर स्वच्छ पाण्याने खूप वेळ धुवा. सडलेला रेडिएटर यानंतर गळायला लागेल. तो फ्लशने बिघडला नाही, चुन्याने बुजलेलं भोक उघडं पडलं.

इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर गॅसकेट गेलंय. मग कुठलाही रेडिएटर उपयोगाचा नाही.

शेवटी पाणी. बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिलं असेल त्या प्रमाणात. नुसतं कूलंट भरू नका, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच जास्त चांगलं. कूलंटचं काम आत गंज आणि थर धरू न देणं आणि उकळबिंदू वाढवणं. डब्यावर दिलेल्या मुदतीला ते बदला. आणि एक महत्त्वाचं. बहुतेक कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गोठ्याजवळ ओतू नका. कुत्रं, वासरू चाटून मरतं.

गाडी वाटेत गरम झाली तर भार काढा, बाजूला घ्या आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेड तडकतं. आमच्या पुतण्याचा हात बघायचा असेल तर घरी या.

एवढं सगळं करून गाडी गरम होत असेल, तर मग रेडिएटरकडे वळा. त्यातही आधी मूळ रेडिएटरला नवा कोअर टाकून मिळतो का बघा, जमल्यास एक ओळ जास्तीची. थेट मोठा रेडिएटर कुणाला लागतो? ज्याने जीपमध्ये दुसरं जास्त ताकदीचं टर्बो इंजिन टाकलंय (आणि आरसीवर त्याची नोंद केलीय), ज्याने एसी लावलाय, जो रोज जड ट्रॉली ओढतो. त्यांची उष्णताच वाढलीय, त्यांनी अपग्रेड करणं बरोबर आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे जीपचं म्हणून सोडून देऊ नये. महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपमध्ये बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलंच इंजिन यायचं. तुमच्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकमध्येही तेच बोअरचं पाणी आहे. चिखलणीत दिवसभर पूर्ण रेसवर चालतो तो.

कृषी खात्याची माणसं आपल्याला सांगून सांगून दमतात, आधी माती तपासा, मग खत टाका. आपण काय करतो? शेजाऱ्याने टाकलं म्हणून एक गोणी जास्त टाकतो. रेडिएटरचंही तेच केलंय आपण. दुखणं तपासायचं नाही आणि जास्तीची गोणी विकत आणायची. गॅरेजवाल्याला तरी दोष किती द्यायचा? धुण्याच्या कामात त्याला हजार-दीड हजार मिळतात आणि चार तास घाणीत हात घालावा लागतो. रेडिएटर विकला की तासात हजारो सुटतात, वर तांब्या-पितळेची भंगार. पण गाडी आपली आहे, प्रश्न आपण विचारायचा असतो. "ब्लॉक उघडून बघितला का?" एवढं एक विचारा. आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या, तो तुमच्या मालकीचा आहे.

माझ्या जीपचं पुढे काय झालं? ब्लॉक साफ केला, नवा थर्मोस्टॅट टाकला, पत्रेवाल्याकडून नव्या मापाचा काऊल करून घेतला, एक इलेक्ट्रिक पंखा काढला, दुसरा अडीअडचणीला ठेवलाय, कूलंट भरलं. रेडिएटर तोच, ॲल्युमिनियमचा, ज्याच्यावर गाडी उकळली होती. यंदा मे महिन्यात माणसं भरून बोरघाट चढलो. शिंग्रोबाला थांबलो ते नारळ फोडायला, पाणी ओतायला नाही. काटा मधून हलला नाही. मिस्त्री म्हणतो जुन्या रेडिएटरवरही हेच झालं असतं. तो रेडिएटर भंगारात गेला, त्यामुळे आता ते दाखवता येणार नाही. चोवीस हजारांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच.

उद्या सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडा आणि आत बोट घालून बघा. बोटाला तपकिरी लागलं तर रेडिएटरच्या दुकानात जाऊ नका, आधी डमी उघडणारा मिस्त्री गाठा.